न भरणाऱ्या कॉलेजची विद्यार्थिनी

बँकेत नवीन लागले तेव्हा माझ्या पहिल्या साहेबांनी मला एक गोष्ट शिकवली होती. कर्ज मागायला माणूस आला, की त्याच्याकडे पाहू नका, त्याच्याबरोबर जो आलाय त्याच्याकडे पाहा. कर्जदार घरून तयारी करून आलेला असतो, बरोबरचा माणूस बेसावध असतो. हा धडा मी इतका मनावर घेतला, की पुढे लग्नकार्यातसुद्धा नवरा-नवरीपेक्षा माझं लक्ष मामांकडे जास्त जाऊ लागलं. आमचे हे म्हणतात, तुला पेन्शन मिळतं ते संशयाचं. खोटं नाही ते.

शेवटची बरीच वर्षं मी खोपोलीच्या शाखेत शैक्षणिक कर्जं पाहत होते. घर कर्जतला, त्यामुळे कर्जत आणि खालापूर या दोन्ही तालुक्यांतल्या गावांना भेटी देण्याचं काम आपसूकच माझ्या स्कूटरच्या वाट्याला आलं. बाहेरच्यांना वाटतं, कर्ज म्हणजे कागद. कागद शेवटी येतात. घरासाठी कर्ज दिलं तर घर असतं, गाडीसाठी दिलं तर गाडी असते. हप्ते थकले की ओढून आणता येते. शिक्षणासाठी दिलेल्या कर्जात बँकेच्या हाती काहीच नसतं. पोरगी शिकेल, नोकरीला लागेल आणि मग फेडेल, एवढ्या आशेवर पैसे सोडायचे. म्हणून ते कर्जदाराच्या हातात देत नाहीत, वर्षावर्षाला थेट कॉलेजच्या खात्यात जातात. आणि म्हणूनच आधी घरी जाऊन पाहायचं, की शिकणारं माणूस खरं आहे का, आणि शिकायचंय ते त्यालाच ना.

घरी गेल्यावर काय पाहायचं हे कुठल्या परिपत्रकात नसतं. चहा नव्याकोऱ्या कपांतून आला, तर आपण येणार हे त्यांना आधी कळलेलं असतं. मग शाखेतून फोन कोणी केला हे शोधायचं. मुलगी चहा ठेवायला आत गेली आणि पुन्हा बाहेर आलीच नाही, तर शिकायची हौस दुसऱ्याच कोणाला आहे असं धरायचं. निघताना जवळच्या दुकानात बिस्किटाचा पुडा घ्यायचा आणि सुट्टे नाहीत म्हणून रेंगाळायचं. गावातली खरी पत कोणाची किती, हे दुकानदाराइतकं कोणालाच ठाऊक नसतं.

एवढं करूनही फसायला व्हायचं. एका गावात मुलाच्या बी.एड.साठी कर्ज दिलं, पहिल्या वर्षाचे पैसे कॉलेजला गेले. काही महिन्यांनी मी त्या बाजूनं जात होते, तर घराच्या दारात नवा टेंपो, पुढच्या काचेला झेंडूची माळ. कॉलेजनं आपला वाटा कापून उरलेले पैसे रोखीत परत दिले होते आणि बापानं त्यातून टेंपो बुक केला होता. मी जाब विचारला तर बाप जराही ओशाळला नाही. म्हणाला, मास्तर झाला असता तर पोरगा दुसऱ्याच्या गाडीनं शाळेत गेला असता, आता त्याच्या गाडीनं चार मास्तर जातात. आणि सांगायला लाज वाटते, पण ते कर्ज अगदी वेळेवर फिटलं. माझी खरी मुलं हप्ते चुकवत होती, तेव्हा हा खोटा मुलगा दर महिन्याला येऊन पैसे भरून जायचा.

दुसऱ्या एका घरी मुलीच्या वडिलांनी मला अंगणात बाजूला घेतलं. मुलीचं लग्न ठरलं होतं, मुलाकडच्यांना बी.एड. झालेली सून हवी होती. तर लग्नानंतरचे हप्ते सासरच्यांनी भरायचे, असं बँकेच्या कागदात घालता येईल का, असं ते विचारत होते. मी म्हटलं, सोयरिकीसाठी बँकेत वेगळा विभाग नाही.

बी.एड.ची फाईल आली की मी चष्मा पुसून बसायचे, त्याला कारण होतं. नेरळपासून खोपोलीपर्यंत इमारती उठत होत्या आणि इमारतींच्या मागोमाग इंग्रजी शाळा. आधी त्यांना शिकवायला कोणीही चालत होतं. मग अचानक पदवी लागायला लागली. वर्षानुवर्षं तुटपुंज्या पगारात शिकवणाऱ्या बायकांना सांगण्यात आलं, की बी.एड. करा, नाहीतर घरी बसा. घर, मूल, नोकरी टाकून दोन वर्षं कॉलेजात कोण जाणार? मग बिनहजेरीचं बी.एड. निघालं. फी भरायची, परीक्षेला जायचं, बाकी कॉलेज सांभाळून घेतं. नियमात असं काही नव्हतं, आणि जे नियमात नसतं त्यालाच एजंट लागतो.

वैशाली अशाच एका एजंटाबरोबर आली. तिशीची बाई, बी.ए. झालेली, मोहोपाड्याच्या एका छोट्या शाळेत कारखान्यांतल्या स्टाफच्या मुलांना शिकवणारी. बरोबर नवरा संदीप, तिथल्याच एका केमिकल कारखान्यात कंत्राटी कामगार. आणि तिसरे महाडिक, खोपोलीत शिक्षण मार्गदर्शन केंद्र चालवणारे. मी सवयीनं बरोबरच्यांकडे पाहिलं. संदीप फरशीकडे पाहत होता. महाडिक माझ्याकडे पाहून हसत होते, आणि मला ते हसणं जास्त खटकलं.

विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर महाडिकच देत होते. शेवटी मी मुद्दाम तिच्याकडे वळून विचारलं, की कॉलेज कसं आहे. ती म्हणाली, मी अजून पाहिलं नाही. महाडिकांनी घाईघाईनं सांगितलं, की पाहायची गरजच नाही, तीच तर सोय आहे. मग आपण काय बोलून बसलो ते लक्षात आलं असावं. म्हणाले, म्हणजे रस्ता जरा खराब आहे.

मी आधी तिच्या घरी गेले. न कळवता. दोन खोल्यांचं घर, भिंतीवर बुद्धाची तसबीर, फळीवर शाळेतल्या मुलांच्या तपासायच्या वह्या. चहा रोजच्या कपांतून आला, आणि कान तुटलेला कप वैशालीनं स्वतःकडे ठेवला. सासू दारात बसून ऐकत होती. बी.एड. कशाला हवं, असं विचारल्यावर शाळेनं सांगितलंय म्हणून, हे सगळ्याजणी देतात ते उत्तर तिनं आधी दिलं. मग म्हणाली, की शाळेत तपासणीला आलेल्या एका बाईंनी तिला विचारलं होतं, तुम्ही मुलांना शिकवता की सांभाळता?

“मला उत्तर देता आलं नाही,” ती म्हणाली. “मला खरंच माहीत नव्हतं, मॅडम.”

उत्तर फार चांगलं होतं. चांगल्या उत्तरांचं मला भय वाटतं.

मग मी कॉलेज पाहायला गेले. कागदावर ते चोख होतं. विद्यापीठाच्या यादीत नाव होतं, मान्यता होती, प्राध्यापकांची नावं होती. प्रत्यक्षात ते कर्जत-खालापूर रस्त्यापासून आत एक फार्महाऊस निघालं. कॉलेजची पाटी एका फाटकावर, फार्महाऊसची दुसऱ्या फाटकावर, आत आवार एकच. पोहण्याच्या तलावात पाण्याऐवजी सागाची पानं. जेवणाच्या हॉलमध्ये बाकं लावलेली, समोर फळा, आणि फळ्यावर बदाम काढून कोणा सोनूला वाढदिवसाच्या शुभेच्छा दिलेल्या. कार्यालयाला कुलूप. माणूस म्हणून एकच, जवळच्या वाडीतला बाळू वॉचमन. कॉलेज कधी भरतं, असं मी त्याला विचारलं.

“भरतं ना,” बाळू म्हणाला. “तपासनीवालं आलं का भरतं. एरवी शनवार-रविवार पार्ट्या असत्यात, तवा गर्दी हाय.”

मी परत येऊन फाईलवर प्रतिकूल शेरा मारला. आमचे शाखाधिकारी कदमसाहेब वैतागले. कॉलेजला मान्यता आहे ना, मग तिथे शिकवतात की नाही हे पाहणं बँकेचं काम नाही, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, न शिकलेली बाई शिक्षिका होणार कशी आणि फेडणार कशी? ते म्हणाले, बाई, अशा किती शिक्षिका झाल्या आणि फेडताहेत. तरी शेरा मी मागे घेतला नाही. फाईल टेबलावर पडून राहिली.

एका दुपारी वैशाली एकटीच आली. एजंट नाही, नवरा नाही. मला ते आवडलं, आणि आवडलं म्हणून जरा सावरून बसले.

“तुम्ही कॉलेज बघून आलात म्हणे,” ती म्हणाली.

मी सांगितलं, की ते भरतच नाही.

“भरत नाही, कारण कोणी जात नाही. मी गेले तर?”

“तू एकटी जाऊन काय करणार?”

“बसेन. माझी फी भरलेली असेल. कधीतरी शिकवायला माणूस द्यावाच लागेल ना त्यांना.”

मी नोकरीत तऱ्हेतऱ्हेच्या थापा ऐकल्या होत्या, ही मात्र नवी होती. मी तिला म्हटलं, खरं भरणारं कॉलेज का नाही बघत? तर तेही तिनं बघून ठेवलं होतं. पनवेलकडची कॉलेजं लांब, फी दुप्पट, आणि मुलगा अजून बालवाडीत. रोज जाऊन परत येण्यासारखं हे एकच होतं, आणि ते भरत नव्हतं.

मी दोन दिवस विचार केला आणि एक मधला मार्ग काढला. पहिल्या वर्षाचे पैसे द्यायचे. दुसऱ्या वर्षाचे, ती नियमित जाते अशी माझी खात्री पटली तरच सोडायचे. अशी अट घालायचा मला अधिकार होता की नाही, याची मला आजही शंका आहे. कदमसाहेबांनी सही केली, कारण त्यांना वर्षाचं उद्दिष्ट गाठायचं होतं.

वैशालीनं शाळेची नोकरी सोडली आणि संध्याकाळच्या शिकवण्या धरल्या. कॉलेज सुरू होऊन थोडे दिवस गेल्यावर मी भर पावसात स्कूटर काढली. कोणाला सांगितलं नाही. हॉलमध्ये ती एकटी बसली होती. पत्र्यावर पाऊस वाजत होता, समोर पुस्तक उघडं, पायाशी जेवणाचा डबा. मला पाहून ती उठून उभी राहिली, वर्गात बाई आल्यावर मुली राहतात तशी. कोणी येतं का, असं विचारलं तर म्हणाली, अजून नाही, पण कार्यालयातला क्लार्क आता कुलूप उघडून ठेवायला लागलाय. सोमवारी सकाळी आधी बाकांखालच्या बाटल्या गोळा कराव्या लागतात, हेही तिनं सांगितलं, तक्रार न करता.

मी बाहेर येऊन बाळूला गाठलं आणि ती रोज येते का, किती वाजता जाते, कोणाबरोबर येते, सगळं खोदून विचारलं. तो म्हणाला, रोज येते, एकटीच येते. पण बाळूवर तरी विश्वास का ठेवायचा? त्याला चहापाण्याला कोणी काही दिलं नसेल कशावरून? त्यामुळे पुन्हा जाणं भाग होतं. मी कधी सकाळी गेले, कधी टळटळीत दुपारी, कधी सलग दोन दिवस, म्हणजे काल येऊन गेली आता येणार नाही, असं कोणी धरून चालायला नको. त्या वर्षी प्रत्येक वेळी ती होती.

अशात एक दिवस संदीप शाखेत आला. पहिली पाळी करून आला होता, अंगाला कारखान्याचा वास होता. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलला. मी फाईल मिटली तेव्हा म्हणाला, “मॅडम, एक इचारायचं व्हतं. ती खरंच जाते का तिकडं?”

मी विचारलं, का रे?

“गावात बोलत्यात. म्हनं, तुजी बायको रोज फार्महाऊसला जाते. तिथं मास्तर नाय, पोरं नाय, मंग दिवसभर करते काय? आय रोज जेवताना इचारते. मी काय सांगू?”

मी म्हटलं, स्वतः जाऊन बघ की. तो म्हणाला, मी गेलो तर तिला वाटंल माझा भरवसा नाय. मला एकदम जाणवलं, की आम्ही दोघं एकाच कामावर आहोत, मला त्याचा पगार मिळतो एवढाच फरक. मी गेले तेव्हा ती तिथं होती, एवढं मी त्याला सांगितलं. जास्त सांगायला मन धजेना, कारण त्याच्या बोलण्यानं माझ्याच डोक्यात किडा शिरला होता. मी बाई, मी कर्ज देणारी, मला हे आधी का सुचलं नाही? महाडिक तिथं येत असेल तर? ही सगळी हजेरी दुसऱ्याच कशासाठी असेल तर?

दुसऱ्या दिवशी दुपारी मी स्कूटर बाहेरच्या वळणावर लावली आणि पायी आत गेले. हॉलमधून पुरुषाचा आवाज येत होता. मी खिडकीच्या कडेला उभी राहिले. चोरासारखी, दुसरा शब्द नाही. आवाज म्हाताऱ्या माणसाचा होता, आणि चिडका.

“मूल चुकतं तेव्हा ते उगीच चुकत नाही. काहीतरी विचार करून चुकतं. तो विचार तुला सापडला पाहिजे. उत्तर खोडून बरोबर उत्तर लिहून देणं हे वाण्याचं काम आहे.”

फळ्यापाशी एक वाकलेले गृहस्थ उभे होते आणि पहिल्या बाकावर वैशाली लिहून घेत होती. हे पाठारे सर. निवृत्त प्राध्यापक, राहायला नेरळला. कॉलेजनं मान्यतेसाठी त्यांचं नाव कागदावर घातलं होतं, त्याचे त्यांना पैसे मिळत. मी आत गेल्यावर त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि विचारलं, आपण कोण. बँकेतून आले म्हटल्यावर म्हणाले, “बँक आता पाठही तपासते का?” मग स्वतःच सांगितलं, की नाव देण्याचे पैसे मिळतात, यायचे मिळत नाहीत. पण एक बाई रोज येऊन बसते म्हणून संस्थेतून फोनावर फोन आले, शेवटी कंटाळून ते आले होते. कंटाळून आलेले सर पुढे आठवड्यातून दोन-तीनदा येत राहिले. त्या वयात, दोन रिक्षा बदलून.

हळूहळू बातमी पसरली, की त्या कॉलेजात शिकवतात. मग ज्यांनी न येण्यासाठी पैसे भरले होते, त्यांच्यातल्याही काहीजणी अधूनमधून येऊ लागल्या. संस्थेच्या अध्यक्षांना हे रुचलं नसावं. त्यांनी कदमसाहेबांना फोन करून विचारलं, की तुमच्या बाई आमच्या आवारात का फिरतात. साहेबांनी मला बोलावून समज दिली, एका कर्जदारापायी बँकेच्या ओळखी बिघडवू नका म्हणाले. मी म्हटलं, कर्जतला घरी जाताना माझ्या वाटेवर पडतं. वाटेवर पडत नव्हतं. साहेबांनाही ते माहीत होतं.

दुसऱ्या वर्षाचे पैसे मी सोडले, तरी अधूनमधून चक्कर मारणं चालूच ठेवलं. वैशाली पास झाली, पात्रता परीक्षेत एकदा आपटली, दुसऱ्या खेपेला निघाली, आणि कर्जत तालुक्यात आतल्या बाजूला एका अनुदानित शाळेत लागली. हप्ते सुरू झाले. मी निवृत्त झाले. पाठारे सर वारल्याचं मला फार उशिरा कळलं.

इथे ही गोष्ट संपली असती तर मी ती लिहिली नसती. अशा सुखरूप फाईली शंभर असतात.

निवृत्तीनंतर काही वर्षांनी त्या कॉलेजच्या बिनहजेरीच्या पदव्यांबद्दल तक्रारी झाल्या आणि चौकशी बसली. कॉलेज बंद पडलं, फार्महाऊस चालू राहिलं. त्या पदवीवर जे जे नोकरीला लागले होते, त्या सगळ्यांना अलिबागला चौकशी समितीपुढे बोलावलं. तुम्ही खरंच कॉलेजात जात होता, हे दाखवा, नाहीतर पदवी रद्द आणि नोकरीही. हजेरीपट होता, पण त्यात कधीही न आलेल्यांचीसुद्धा हजेरी भरलेली, त्यामुळे समिती तो उघडूनही पाहत नव्हती आणि तो भरणाऱ्या क्लार्कचंही ऐकत नव्हती. सर हयात नव्हते. बाळू काम सोडून कुठे गेला होता कोणाला ठाऊक नव्हतं. एका संध्याकाळी वैशाली आणि संदीप माझ्या दारात उभे राहिले.

ती रडली वगैरे नाही. म्हणाली, मॅडम, मी तिथं होते हे बघितलेलं माणूस तुम्ही एकट्याच आहात.

मी अलिबागला जायला निघाले. संदीपनं मित्राची गाडी आणली होती, मी आणि वैशाली मागे बसलो. पेणच्या पुढे गेल्यावर ती अचानक म्हणाली, “एक सांगायचं राहिलंय. तुम्ही पहिल्यांदा आलात ना, त्याच दिवशी बाळूनं मला सांगितलं, की बाई तुझी चौकशी करून गेली.”

मी विचारलं, मग?

“मग मी ऑफिसात जाऊन सांगितलं, की बँकवाल्या मॅडम कधीही येतात. शिकवणारं कोणी दिसलं नाही, तर पुढचे पैसे थांबवणार आहेत, नुसते माझे नाही, सगळ्यांचे. तेव्हापासून त्यांचे सरांना फोन सुरू झाले.”

“मी असं कधी म्हटलं नव्हतं,” मी म्हटलं.

“नाही म्हटलं. पण तुम्ही तशा दिसता.”

पुढे बसलेल्या संदीपच्या खांद्यांवरून कळलं, की तो हसतोय. मी खिडकीबाहेर पाहत राहिले. इतकी वर्षं मी समजत होते, की मी तिच्यावर नजर ठेवून आहे. ती माझी नजर घेऊन सरांना बोलावत होती. खरं सांगायचं तर मला राग आला, आणि पाठोपाठ बरंही वाटलं.

समितीत तीनजण होते. बोलत होते ते मधले अधिकारी, शांत आणि माझ्याच जातीचे, म्हणजे संशयी. मी कधी गेले, काय पाहिलं ते सगळं त्यांनी ऐकून घेतलं. मग पेन खाली ठेवून म्हणाले, एवढ्याशा कर्जासाठी कोणी अधिकारी इतक्या वेळा जातो का? तुमचं या बाईंशी नातं काय? ओळख कधीपासूनची?

मी म्हटलं, कर्जदार, याच्यापलीकडे काही नाही.

“मग का जात होता?”

“कारण माझा तिच्यावर विश्वास नव्हता.”

वैशाली शेजारीच बसली होती. तिनं मान वर केली नाही. अधिकाऱ्यांनी विचारलं, की नंतर बसला का?

“दुसऱ्या वर्षाचे पैसे सोडले, साहेब,” मी म्हटलं. “बँकेत याहून जास्त विश्वास नसतो.”

त्यांनी लिहून घेतलं. मी सही केली आणि आम्ही बाहेर आलो.

बाहेर व्हरांड्यात बाकांवर बायका बसल्या होत्या, मांडीवर फाईली घेऊन. त्यांतली एक उठून पुढे आली. मॅडम, मला ओळखलंत का, असं तिनं विचारलं. मी ओळखलं नाही. तिनं नाव सांगितलं, सुनंदा, खोपोलीच्या बाजूची. दुसऱ्या वर्षाला ती रोज येत होती, वैशालीच्या मागच्या बाकावर बसत होती. मी वैशालीकडे पाहिलं, तिनं मान हलवली. पण वैशाली स्वतःच चौकशीतली, तिच्या मान हलवण्याला समितीत काय किंमत? आणि मैत्रिणीसाठी माणूस मान हलवतंच.

मला त्या क्षणी जे कळलं ते चांगलं नव्हतं. मी इतक्या वेळा त्या हॉलमध्ये गेले आणि मी फक्त एका बाकाकडे पाहिलं होतं. वर्गात येणाऱ्या बाकीच्या बायकांनी फी आपल्या पदरची भरली होती, त्यांच्याशी बँकेचं देणंघेणं नव्हतं, म्हणून त्यांचे चेहरे माझ्या डोळ्यांत शिरलेच नव्हते. मी तिला म्हटलं, मला तू आठवत नाहीस, मी न पाहिलेलं सांगणार नाही.

“तुम्ही एकदा पाणी मागितलं होतं,” सुनंदा म्हणाली. “मी दिलं होतं.”

पाणी मला आठवलं. उन्हाळा होता, स्कूटर पंक्चर झाली होती आणि मी रस्त्यावरच्या फाट्यापासून चालत आले होते. पाणी कोणीतरी दिलं होतं. कोणी, ते आठवत नव्हतं. उन्हाळ्यात आलेली बाई पाणी मागतेच, हे कोणीही सांगेल. म्हणून मी आयुष्यभर विचारत आले तसं विचारलं.

“कशातून दिलंस?”

ती गोंधळली. मग म्हणाली, “बाटलीतून. माज्या पोराची शाळेची बाटली व्हती. झाकण निघंना, तुमी दातानं काढाया गेलात, आन् चष्मा खाली पडला. काडी मोडली.”

काडी मोडली होती. पंक्चर काढून घरी येईपर्यंत मी चष्मा एका हातानं धरून स्कूटर चालवली होती आणि आमच्या ह्यांनी ती दोऱ्यानं बांधून दिली होती. तरी मनात आलंच, की हे वैशालीनं तिला सांगितलं असेल. मग आठवलं, त्या दिवशी वैशाली वर्गात नव्हती. सराव पाठ घ्यायला ती चौक गावच्या शाळेत गेली होती, आणि ती दिसली नाही म्हणून मी चरफडत, घशाला कोरड पडलेली, दारातच उभी राहिले होते. मागच्या बाकावरून कोणीतरी उठून आलं होतं.

मी वैशालीला थांबायला सांगितलं आणि पुन्हा आत गेले. मधल्या अधिकाऱ्यांनी विचारलं, आता काय? मी म्हटलं, आणखी एकीबद्दल सांगायचंय, तिला मी पाहिलं होतं, पण बघितलं नव्हतं. त्यांनी सुनंदाला आत बोलावलं आणि तिला वेगळं बसवून तेच सगळं विचारलं. बरोबर केलं. मीही तेच केलं असतं.

पुढे निकाल लागला. दोघींच्या पदव्या टिकल्या, दोघी आज शिकवताहेत. वैशालीचं कर्ज फिटलं, शेवटचा हप्ता भरल्यावर ती पेढे घेऊन आली होती.

पण त्या दिवशी दुसऱ्यांदा बाहेर आले, तेव्हा बाकांवर अजून चारपाचजणी बसल्या होत्या. बहुतेकींनी माझ्याकडे पाहिलंच नाही. त्या कधी कॉलेजात गेल्या नसाव्यात. कडेला बसलेल्या एकीनं मात्र मान वर करून पाहिलं. ती उठली नाही, काही बोलली नाही. मी पुढं जाऊन तिला विचारायला हवं होतं, निदान नाव तरी. संदीप गाडी काढून उभा होता. मी पायऱ्या उतरले. ती मला ओळखत होती की नुसतीच पाहत होती, हे मला आजही ठरवता आलेलं नाही.